कोल्ड स्टोअरचा दांडगा अनुभव

बहरीनमध्ये कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला कोल्ड स्टोअर म्हणतात. का म्हणतात ते विचारू नका. दूध, अंडी, खुबूस नावाची अरबी रोटी, माचिस, नारळ, शाळेची पट्टी, सगळं तिथे मिळतं आणि गल्ल्यावर बहुधा एखादा मलबारी बसलेला असतो. बोर्डावर मात्र ठळक अक्षरांत कोल्ड स्टोअर. इथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. ठाऊक नव्हतं ते फक्त विलास केंजळे साहेबांना, कारण चिंचवडहून येऊन त्यांना जेमतेम दोन-तीन महिने झाले होते आणि अमवाजच्या त्यांच्या फ्लॅटवर सगळं सामान फोनवरून मागवलं जायचं.

त्यांच्या या एका अज्ञानापायी हमीद सोलकर बर्फात गेला.

हमीद रत्नागिरीजवळच्या साखरतरचा. बाप मचव्यावर तांडेल होता, पार गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत मचवा हाकून यायचा. मुलगा गाडी हाकायला बहरीनला आला आणि हिद्दच्या एका मालवाहतूक कंपनीत चिकटला. हमीदच्या अंगी दोन गुण होते. एक गाडी चालवणं आणि दुसरा गाडी चालवण्याबद्दल बोलणं. त्यातला दुसरा काकणभर सरस. पण बोलायला विषय तरी काय? त्याच्याकडे होती दुधा-लबनाची छोटी पांढरी गाडी. हिद्दहून निघायचं, ईसा टाउनपर्यंतच्या कोल्ड स्टोअरांना ताकाच्या बाटल्या पोचवायच्या आणि परत यायचं. देश एवढासा, की वरचा गिअर टाकावा तोवर समुद्र आडवा येतो.

मोठ्या ट्रेलरचं लायसन्स त्याने केव्हाच काढून ठेवलं होतं. सीट मात्र मिळत नव्हती. सौदीच्या लांब पल्ल्याच्या गाड्या जुन्या ड्रायव्हरांकडे, आणि जुने ड्रायव्हर काही केल्या आणखी जुने होऊन घरी जाईनात. हमीद म्हणायचा, मला कसली घाई आहे. घाई होती. त्याची मुलगी लाईबा ईसा टाउनच्या शाळेत आठवीत. एकदा तिला बसपर्यंत सोडायला गेला तेव्हा तिच्या मैत्रिणीने तिला विचारलं, वडील कुठे ड्राइव्ह करतात? लाईबा म्हणाली, "ओह, जस्ट अराउंड." पोरीच्या मनात काही नव्हतं. पण हमीदला एवढं इंग्रजी येत होतं. अराउंड म्हणजे इथेच, आसपास, गोल गोल. घाण्याला जुंपल्यासारखं. तो शब्द त्याच्या जिव्हारी लागला आणि तिथेच रुतून बसला.

जानेवारीत कंपनीचे नवे मॅनेजर विलास साहेब यांनी सगळ्या ड्रायव्हरांना यार्डात बोलावलं. उत्तरेकडचा नेहमीचा ड्रायव्हर लीव्हवर गेला होता.

"तुरैफला जायचंय," साहेब म्हणाले. "सौदीच्या पार वरच्या टोकाला. या दिवसांत तिथे पारा शून्याखाली जातो. नव्या हॉटेलसाठी एसीचा माल आहे. कुणाला कोल्डचा अनुभव आहे?"

सगळे आपापल्या चपला न्याहाळू लागले. हमीदने हात वर केला.

"साहेब, माना कोल्ड स्टोअरचा हाय. अठरा वर्षां दुसरां काय केलांच नाय."

साहेबांचे डोळे लकाकले. "अठरा वर्षं? रोज आत-बाहेर?"

"रोज. दिवसातना वीस-पंचवीस वेळा."

"आणि आत उणे किती असायचं?"

साखरतरच्या शाळेत हमीदने गणिताच्या तासाला कधी जीव लावला नव्हता. त्याच्या लेखी उणं म्हणजे कमी, वानवा. दुकानात कसली वानवा असायची, असं साहेब विचारतायत असं त्याला वाटलं.

"उणं कशाचांच नाय, साहेब. मागाल ता असतां."

"मागाल तेवढं? वा. म्हणजे एकदम लेटेस्ट सिस्टीम." साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "ही ट्रिप नीट झाली तर मोठ्या गाडीची सीट तुमची, हमीदभाई. फसली तर मात्र बघा, पुन्हा लबन."

मागे उबेद उभा होता. तोही छोट्या गाडीवरचाच, राजापूरचा. त्याने तोंडात रुमाल कोंबला. साहेब गेल्यावर त्याने हमीदला बाजूला घेतलं आणि साहेबांनी कोल्ड स्टोअर या शब्दाचा काय अर्थ लावला ते नीट समजावून सांगितलं. मोठमोठी शीतगृहं, आत गोठवलेलं मटण, भिंतींना बर्फ, आणि त्यातून अठरा वर्षं ट्रक हाकणारा हमीद.

हमीदच्या तोंडचं पाणी पळालं. आत्ताच्या आत्ता जाऊन साहेबांना खरं सांगावं असं त्याला वाटलं. तो दोन पावलं चाललासुद्धा. मग यार्डात उभा असलेला तो लांबलचक ट्रेलर त्याला दिसला, त्याची उंच सीट दिसली, आणि तो तिथूनच मागे फिरला.

घरी त्याने ही भानगड बायकोला सांगितली नाही. शरीफुन्निसाला नुसतं कळलं, की नवरा थंड मुलखात चाललाय. तिने त्याच्या बॅगेत दोन स्वेटर, चार मोजे, गावाहून आणलेली माकडटोपी आणि खोबरेल तेलाची मोठी बाटली भरली.

"एवढां तेल कशाक?" हमीद म्हणाला.

"थंडीत कातडी फाटती. पायाला, हाताला लावायचां. आनि थिजलां तर उगाच चमच्याने टोकरू नका."

हे तेल म्हणजे त्यांच्या घरातलं जुनं भांडण. बहरीनच्या घरात बारा महिने एसी, त्यामुळे बाटलीतलं खोबरेल कायम थिजलेलं. हमीद त्यात चमच्याची दांडी खुपसून बाटली फोडायचा आणि शरीफुन्निसा ती फ्रिजच्या मागे ऊब असते तिथे नेऊन ठेवायची. लाईबा दारात उभं राहून म्हणाली, "अब्बा, टेक फोटोज. रिअल स्नो." हमीद म्हणाला, "इंशाल्ला."

समुद्रावरच्या पुलावरून सौदीत शिरल्यावर मात्र त्याला सगळ्याचा विसर पडला. रस्ता सरळ, आणि तो संपतच नव्हता. वरचा गिअर टाकला तो तासन्‌तास तसाच राहिला. हमीद एकटाच हसत होता. बापाला समुद्रात असंच वाटत असेल, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला फार बरं वाटलं.

अडचण एकच, विलास साहेबांचा फोन. साहेब मनाने सरळ आणि शिकण्याची हौस दांडगी. या ट्रिपच्या निमित्ताने बाकीच्या ड्रायव्हरांनाही थंडीतली गाडी शिकवावी असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

"हमीदभाई, पहिला नियम सांगा."

इथे हमीदचा दुसरा गुण त्याच्या अंगाशी आला. माहीत नाही असं म्हणणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

"साहेब, थंडीत गाडीशी घाई करायची नाय," तो म्हणाला. "आदी बॉनेटवर तीन थापट्या मारायच्या. तिला कळूं दे आपन आलोंत ता."

"व्हायब्रेशन. बरोबर. त्याने आतलं सुटं होत असणार." साहेबांनी त्याला शास्त्रही जोडून दिलं. "आणि?"

"आनि गाडी लावताना तिचां तोंड घराच्या दिशेक करायचां. तिला ओढ रव्हती. सकाळी एका चावीत चालू."

ही थाप जरा जास्तच झाली. हमीदला वाटलं, आता पकडले गेलो. पण साहेब म्हणाले, "हे बाहेरच्या माणसाला नाही सुचायचं. अनुभव तो अनुभव."

तुरैफला तो पोचला तेव्हा संध्याकाळ होत होती. केबिनचं दार उघडलं आणि वारा असा आत आला, की हमीदने ते पुन्हा लावून घेतलं. मग त्याने दोन्ही स्वेटर, माकडटोपी आणि दोन जोड मोजे चढवून पुन्हा उघडलं. गावाबाहेरच्या पंपावर ड्रायव्हरांची झोपायची खोली होती, शेजारी एका बंगाल्याची चहाची टपरी होती. हमीदने पंपाच्या आवारात गाडी लावली, चहा मागवला, तोच साहेबांचा फोन.

"तोंड घराकडे केलंत ना?"

केलं नव्हतं. हो म्हटलं असतं तर चाललं असतं, पण साहेब पुढे म्हणाले, "फोटो पाठवा. सगळ्यांना दाखवायचाय." तेव्हा अख्ख्या पंपाच्या देखत हमीदने तो लांबलचक ट्रेलर मागे-पुढे, मागे-पुढे करत पुरता वळवला. दोन टँकरवाले खाली उतरून ओरडले. चहावाला टपरी सोडून बघायला आला.

"क्या करता है, भाई?"

"बर्फ का गाडी है," हमीद ऐटीत म्हणाला. "एक्सपर्ट लोग ऐसा लगाता है. मुंडी बहरीन की तरफ."

चहावाल्याने आदराने मान डोलावली. मग हमीदने चावी फिरवून इंजिन बंद केलं, कारण अठरा वर्षं प्रत्येक दुकानाच्या दारात त्याने तेच केलं होतं, आणि खोलीत जाऊन पांघरुणात शिरला. आजूबाजूचे सगळे ट्रक रात्रभर घरघरत उभे होते. या लोकांना डिझेलची काही किंमतच नाही, असं म्हणून त्याने कूस बदलली.

सकाळी त्याने चावी फिरवली. गाडी दम्याच्या म्हाताऱ्यासारखी दोनदा खोकली, तिसऱ्यांदा जरा घुरघुरली आणि गप्प झाली. पुन्हा चावी. नुसतं घुर्र. आरशावर बर्फाचा पातळ थर, डॅशबोर्डवरच्या खोबरेलाचा पांढरा दगड, आणि तिकडे हॉटेलवाल्याचा फोन, माल जुमेच्या नमाजाआधी उतरायला हवा, क्रेन फक्त दुपारपर्यंत आहे. दुपार टळली की क्रेन गेली, आणि क्रेन गेली की सीट गेली. हमीदला ती छोटी पांढरी गाडी डोळ्यांसमोर दिसू लागली. तिच्या मागच्या दाराची कडी नीट लागायची नाही, तीसुद्धा दिसली.

त्याने बॉनेटवर तीन थापट्या मारल्या. आपणच ठोकलेल्या थापेवर आपलाच विश्वास बसावा इतकी त्याची मती गुंग झाली होती. मग मन घट्ट करून त्याने साहेबांना फोन लावला आणि आडून विचारलं, "साहेब, समजा कुनाची गाडी थंडीत चालू होत नसली, तर तुमी त्याला काय सांगाल?"

साहेब खूष झाले. परीक्षाच घेतायत हमीदभाई. त्यांनी खणखणीत आवाजात उत्तर दिलं, "घाई करायची नाही. बॉनेटवर तीन थापट्या. आणि तोंड घराच्या दिशेला."

"बरोबर, साहेब," हमीद क्षीण आवाजात म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

त्याने कपाळाला हात लावला. आता उरला एक उपाय, टाकीखाली चिंध्या पेटवायचा. कुणीतरी कुठेतरी असं करतात हे त्याने ऐकलं होतं. त्याने चिंध्या गोळा केल्या, त्यावर तेल ओतावं म्हणून खोबरेलाची बाटली उलटी केली. थेंब पडेना. तेवढ्यात शरीफुन्निसाचा फोन आला, नाश्ता केलात का म्हणून. बायकोचा आवाज ऐकून हमीदचा बांध फुटला. कोल्ड स्टोअरपासून चिंध्यांपर्यंत सगळं त्याने एका दमात सांगून टाकलं. वर म्हणाला, "आनि तुजां तेलपन थिजून दगड झालांय."

नवऱ्याला किती आणि कुठून बोलावं याचा शरीफुन्निसाने आधी विचार केला असावा. मग ती म्हणाली, "तेल थिजलांय, तर डिझेल थिजलां नसेल कशावरना?"

"डिझेल कुठां थिजतां काय?"

"तेलच ना ता? आपल्याकडचां डिझेल उन्हात वाढलेलां. तिकडे नेऊन थंडीत ठेवलाव, गोठेल नायतर काय करेल बापडां?"

"मग आता चिंध्या पेटवतांव..."

"चिंध्या ठेवा खाली." ही आज्ञा होती. "खोबरेल थिजलां की मी काय करतांव? बाटली विस्तवावर धरतांव? गरम पान्याचा फडका गुंडाळतांव. तोय आदी बाटलीच्या तोंडाशी. तोंडाशी दट्टा बसला की खाली पातळ असून काय उपयोग? तुमच्या गाडीला तोंड कुठां हाय ता बघा."

गाडीचं तोंड. हमीद धावत गाडीच्या कडेला गेला, झाकण उघडून त्याने डिझेलच्या फिल्टरखालची काचेची वाटी पाहिली. रोज त्यातून पिवळं, नितळ डिझेल दिसायचं. आज आत पांढरट, दाट, तुपासारखं काहीतरी बसलं होतं. अगदी घरची बाटली. हमीदला त्या क्षणी बायकोच्या पाया पडावंसं वाटलं.

तो चहाच्या टपरीवर गेला आणि किटल्यांतलं सगळं गरम पाणी मागितलं. चहावाल्याने विचारलं, कशाला? कळल्यावर तो बघतच राहिला.

"तुम डिझेल में रॉकेल नहीं डाला? इधर सब डालता है. डिसेंबर से डालता है. तुम तो बोला था, बर्फ का एक्सपर्ट."

"एक्सपर्ट है," हमीद म्हणाला. "लेकिन दूसरा टाइप का बर्फ."

चहावाल्याला दया आली असावी, कारण रॉकेलही त्यानेच पंपाच्या मागून आणून दिलं. रॉकेल टाकीत गेलं. हमीदने माकडटोपी गरम पाण्यात बुडवून फिल्टरला गुंडाळली. हात भाजत होते आणि कान गोठत होते. किटलीमागून किटली रिकामी झाली. आणि एव्हाना सूर्य वर आला होता. त्या मोसमात तिथे तो बरोब्बर बहरीनच्या बाजूने उगवतो. बाकीच्या गाड्यांच्या पाठीवर ऊन पडलं होतं. एकट्या हमीदच्या गाडीचं तोंड घराकडे, आणि सगळं ऊन थेट तिच्या इंजिनावर. हमीदने ते पाहिलं आणि तो खजील झाला. माणसाने थाप मारावी आणि तीही खरी निघावी, यासारखी पंचाईत नाही.

हळूहळू वाटीतलं तूप कडेने सुटलं आणि पिवळं झालं. त्याने फिल्टरवरच्या हातपंपाने डिझेल वर खेचलं, सीटवर चढला, बिस्मिल्ला म्हणून चावी फिरवली. गाडी खोकली, थरथरली, पांढऱ्या धुराचा एक मोठा लोट सोडून चालू झाली. चहावाल्याने टाळ्या वाजवल्या. हमीद सीटवर बसून रडत होता, पण टोपी नसल्याने ते लपवायची सोय नव्हती.

त्याने एसीचा एक फाटका खोका गाडीच्या जाळीपुढे बांधला, म्हणजे वारा थेट इंजिनावर येऊ नये. खोक्यावर अरबीत आणि इंग्रजीत छापलेलं होतं, थंडाव्याचा आनंद घ्या. या वेषात ती गाडी हॉटेलच्या दारात क्रेन जाण्याआधी पोचली. माल उतरेपर्यंत आणि थेट थंडीचा मुलूख मागे पडेपर्यंत हमीदने इंजिन एकदाही बंद केलं नाही.

परतीच्या वाटेवर त्याने ठरवलं, साहेबांना खरं सांगायचं. सीट जाईल तर जाऊ दे. यार्डात गाडी लावून तो ऑफिसात गेला. पण त्याने तोंड उघडायच्या आत साहेब म्हणाले, "चला, हमीदभाई, जरा बाहेर जाऊन येऊ." त्यांनी त्याला आपल्या गाडीत बसवलं आणि हिद्दमधल्या एका कोपऱ्यावर आणून उभं केलं. समोर बोर्ड होता, कोल्ड स्टोअर. साहेबांनी लबनच्या दोन बाटल्या घेतल्या आणि एक त्याच्या हातात दिली.

"परवा माझी बायको स्मिता म्हणाली, खालच्या कोल्ड स्टोअरमधून दही आणा," साहेब समोर बघत म्हणाले. "मी स्वेटर घालून खाली उतरलो."

हमीदला हसू आवरेना, पण त्याने ते लबनबरोबर गिळलं. मग त्याने सगळं सांगितलं. थापट्या, तोंड, थिजलेलं डिझेल, बायको. साहेब ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे तुम्हाला काहीच येत नव्हतं."

"काय्येक येत नव्हतां, साहेब."

"आणि मी ते सगळ्या ब्रँचेसना शिकवलं. जॉर्डनच्या रस्त्यावर आपल्या कितीतरी गाड्या आता तोंड घराकडे करून उभ्या असतात." साहेबांनी बाटली रिकामी केली. "हे आपल्या दोघांतच राहू दे. सीट तुमची. पण उत्तरेची आणि थंडीतली, दर वर्षी. एक्सपर्टला मी दुसरीकडे पाठवलं तर लोक विचारतील ना."

हमीदला हवी होती तीच सीट मिळाली आणि नको होती तीच थंडी. त्याने दोन्ही घेतल्या.

पुढच्या डिसेंबरात तो पुन्हा निघाला. बॅगेत दोन माकडटोप्या होत्या, एक डोक्याला आणि एक फिल्टरला. शरीफुन्निसा खोबरेलाची बाटली पिशवीत नीट उभी ठेवत होती. उबेदच्या छोट्या गाडीचं काही बिघडलं तरी हल्ली साहेब आधी तिलाच फोन करायला सांगत. हमीद दाराशी बसून बुटाची नाडी बांधत होता. आतल्या खोलीत लाईबा फोनवर होती. तिच्या शाळेत वडिलांना बोलावलं होतं, आणि मैत्रीण विचारत होती, तुझे येणार ना?

"नो," लाईबा म्हणाली. "माय डॅड्स नॉट अराउंड."

हा शब्द मोडायला हमीदने एवढा आटापिटा केला होता. तो मोडला खरा, पण आता 'इथे नसलेला' होऊन पुन्हा कानावर पडला. नाडी बांधून झाली होती, तरी तो वाकूनच बसून राहिला. मग उठून आतल्या खोलीच्या दारात गेला आणि म्हणाला, "लाईबा, साळेत कदी बोलावलांय ता सांग. साहेबाक इचारून बघतांव, एक दिवस उशिरा निघालां तर चालतां काय."

लाईबाने फोन छातीशी धरला आणि पहिल्यांदाच मराठीत उत्तर दिलं. "उद्या, अब्बा."

हमीदने बूट काढले.